तापमानाचं रूपांतर: सेल्सिअस, फॅरनहाइट, केल्व्हिन आणि जुन्या मोजपट्ट्या

सेल्सिअसचं फॅरनहाइट करायचं सूत्र शाळेत बहुतेकांनी पाठ केलेलं असतं. काही वर्षांनी विचारलं तर ९, ५ आणि ३२ हे तीन आकडे आठवतात. पण आधी गुणायचं की आधी बेरीज करायची, नऊ वर की पाच वर, इथे गाडी अडते. सूत्र कुठून आलं हे ज्याला कळलं आहे, तो ते विसरला तरी दोन मिनिटांत पुन्हा मांडू शकतो. म्हणून या लेखात प्रत्येक सूत्र आधी तयार करू आणि मग वापरू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण सगळ्या लेखात मला सर्वात महत्त्वाची तीच वाटते. रूपांतर करायला घेण्यापूर्वी स्वतःला विचारा: समोरचा आकडा हे तापमान आहे, की दोन तापमानांमधला फरक? "आज ३० अंश आहे" आणि "काल आणि आज यांत ३० अंशांचा फरक आहे" या दोन वाक्यांतल्या ३०चं रूपांतर वेगवेगळं होतं. बरीचशी चुकीची रूपांतरं हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात. त्यावर पुढे सविस्तर येऊच.

मोजपट्टी म्हणजे एक शून्य आणि एक पाऊल

वजन किंवा लांबी एका मापातून दुसऱ्यात न्यायची तर फक्त गुणाकार पुरतो. शून्य किलो म्हणजे शून्य पौंडच. तापमानाच्या रोजच्या पट्ट्यांचं तसं नाही. त्यांचे शून्य वेगवेगळ्या जागी आहेत आणि अंशही लहानमोठे आहेत. त्यामुळे दोन दुरुस्त्या कराव्या लागतात: शून्य सरकवायचा आणि पाऊल बदलायचं. या लेखातलं प्रत्येक सूत्र या दोन कृतींचंच बनलेलं आहे.

हे शून्य असे विखुरलेले का, याचं उत्तर इतिहासात आहे. डॅनिएल गाब्रिएल फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये आपली पट्टी प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचं तापमान त्यांनी शून्य धरलं, पाणी-बर्फाच्या मिश्रणाला ३२ दिले आणि माणसाच्या शरीराला ९६. पुढे पट्टी पाण्यालाच नीट बांधून घेतली गेली: गोठणबिंदू ३२, उत्कलनबिंदू २१२. शरीराचं तापमान ९६ वरून ९८.६ च्या आसपास सरकलं ते या फेरमांडणीमुळे.

स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये शंभर भागांची पट्टी सुचवली, पण ती उलटी होती: उकळत्या पाण्याला ० आणि गोठणाऱ्या पाण्याला १००. सेल्सिअस १७४४ मध्ये वारले आणि त्यानंतर ती सुलट करण्यात आली. जुन्या पुस्तकांत हिलाच 'सेंटिग्रेड' म्हटलेलं सापडतं. १९४८ मध्ये 'सेल्सिअस' हे नाव अधिकृत झालं. सेंटिग्रेडमधला आकडा तसाच्या तसा सेल्सिअस म्हणून घ्यायचा, काही करायचं नाही.

तिसरी पट्टी विल्यम थॉमसन, म्हणजेच नंतरचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८४८ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून आली. तिचा शून्य निसर्गाने ठरवलेला आहे. त्याच्या खाली तापमान नाहीच, म्हणून त्याला निरपेक्ष शून्य म्हणतात.

कागदावर आधी एवढ्या तीन ओळी उतरवून घ्या:

निरपेक्ष शून्य: −२७३.१५ °से = −४५९.६७ °फॅ = ० के
पाणी गोठतं: ० °से = ३२ °फॅ = २७३.१५ के
पाणी उकळतं: १०० °से = २१२ °फॅ = ३७३.१५ के

(पाण्याचे आकडे समुद्रसपाटीच्या प्रमाण हवादाबाला. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. साधारण ३०० मीटर चढलं की एक अंश सेल्सिअसने कमी.)

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतलं अंतर पाहा. सेल्सिअसमध्ये ते १०० अंश आहे, फॅरनहाइटमध्ये २१२ − ३२ = १८० अंश. अंतर तेच, पावलं मात्र शंभर विरुद्ध एकशे ऐंशी. म्हणजे सेल्सिअसचं एक पाऊल फॅरनहाइटच्या १.८ पावलांएवढं. १८० भागिले १०० म्हणजे ९/५. शाळेतले नऊ आणि पाच इथून आले, आणि ३२ हे दोन शून्यांमधलं अंतर आहे.

सेल्सिअसवरून फॅरनहाइट

पहिली पायरी: सेल्सिअसच्या आकड्याला १.८ ने गुणा. आता आपण पाणी गोठण्याच्या जागेपासून किती फॅरनहाइट-पावलं दूर आहोत ते कळलं.
दुसरी पायरी: त्यात ३२ मिळवा, कारण फॅरनहाइट पट्टीवर ती जागा ३२ वर आहे.

३७ °से घेऊ. ३७ × १.८ = ६६.६. त्यात ३२ मिळवले की ९८.६ °फॅ.

उणे आकडा आला की लोक अडखळतात, पण कृती तीच राहते. −१८ × १.८ = −३२.४. त्यात ३२ मिळवले की −०.४ °फॅ, म्हणजे जवळजवळ शून्य. फ्रीजरसाठी कुठे −१८ °से तर कुठे ० °फॅ लिहिलेलं असतं, ती एकच सूचना आहे.

पृथ्वीवर जमिनीलगत नोंदवलेलं सर्वात कमी तापमान अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक तळावरचं, २१ जुलै १९८३ चं: −८९.२ °से. गुणाकार −१६०.५६, त्यात ३२ मिळवून −१२८.५६, म्हणजे −१२८.६ °फॅ.

फॅरनहाइटवरून सेल्सिअस

उलट दिशेने जाताना कृतीही उलटी आणि क्रमही उलटा. शेवटी ३२ मिळवले होते, म्हणून आता सुरुवातीला ३२ वजा करायचे. आधी गुणलं होतं, म्हणून आता नंतर भागायचं.

पहिली पायरी: फॅरनहाइटच्या आकड्यातून ३२ वजा करा.
दुसरी पायरी: आलेल्या संख्येला १.८ ने भागा (किंवा ५ ने गुणून ९ ने भागा, तेच).

१०४ °फॅ: १०४ − ३२ = ७२, आणि ७२ ÷ १.८ = ४० °से.
१४ °फॅ: १४ − ३२ = −१८, आणि −१८ ÷ १.८ = −१० °से. इथे उणे चिन्ह वजाबाकीतच तयार होतं. ते शेवटपर्यंत जपायचं.

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी नोंदलेलं १३४ °फॅ हे अधिकृत उच्चांकाचं तापमान आहे. १३४ − ३२ = १०२. १०२ ÷ १.८ = ५६.६७, म्हणून ते ५६.७ °से असं छापलं जातं.

कॅल्क्युलेटरवर एक खड्डा आहे. १०४ − ३२ ÷ १.८ असं सलग टाइप केलं तर शास्त्रीय कॅल्क्युलेटर आधी भागाकार करतो आणि उत्तर येतं ८६.२. बरोबर उत्तर ४० आहे. वजाबाकी कंसात टाका, किंवा वजाबाकी करून बरोबरचं बटण दाबा आणि मगच भागा.

क्रम लक्षात राहत नसेल तर: चाळीसची रीत

−४० या एका ठिकाणी सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही सारखे असतात. ताळा करून पाहा: −४० × १.८ = −७२, अधिक ३२ म्हणजे −४०. या योगायोगातून फार उपयोगी रीत निघते, आणि ती शाळेत का शिकवत नाहीत याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

दोन्ही दिशांना पायऱ्या सारख्याच:
१. आकड्यात ४० मिळवा.
२. फॅरनहाइट हवं असेल तर १.८ ने गुणा; सेल्सिअस हवं असेल तर १.८ ने भागा.
३. ४० वजा करा.

२५ °से: २५ + ४० = ६५; ६५ × १.८ = ११७; ११७ − ४० = ७७ °फॅ.
७७ °फॅ: ७७ + ४० = ११७; ११७ ÷ १.८ = ६५; ६५ − ४० = २५ °से.

हे का चालतं? दोन्ही पट्ट्या −४० पाशी एकमेकींना भेटतात. ४० मिळवणं म्हणजे त्या भेटीच्या जागेला तात्पुरता शून्य मानणं. शून्य जुळला की उरतं फक्त पाऊल बदलणं, आणि शेवटी ४० वजा करून आपण मूळ शून्याकडे परततो. आधी वजा की आधी गुणाकार, हा गोंधळ इथे होऊच शकत नाही. लक्षात ठेवायचं एवढंच, की फॅरनहाइटचे अंश लहान आहेत, म्हणून तिकडे जाताना संख्या मोठी होते.

केल्व्हिन आणि रँकिन

सेल्सिअस आणि केल्व्हिन यांची पावलं अगदी सारखी आहेत, शून्य तेवढा वेगळा. म्हणून गुणाकार नाहीच:

केल्व्हिन = सेल्सिअस + २७३.१५
सेल्सिअस = केल्व्हिन − २७३.१५

२५ °से म्हणजे २९८.१५ के. द्रव नायट्रोजन सुमारे ७७ केल्व्हिनला उकळतो, म्हणजे ७७ − २७३ = −१९६ °से. पुरेसं अचूक माप नसेल तिथे .१५ धरण्यात अर्थ नाही, २७३ चालतात. मात्र मूळ आकडाच दशांशात दिला असेल, तर २७३.१५ घ्या.

लिहिताना केल्व्हिनला 'अंश' लावत नाहीत. '३०० केल्व्हिन' लिहायचं, '३०० अंश केल्व्हिन' नाही. १९६७ पासून हाच संकेत आहे. २०१९ मध्ये केल्व्हिनची व्याख्या बदलून बोल्ट्झमन स्थिरांकावर (तापमान आणि कणांची ऊर्जा यांना जोडणाऱ्या ठरावीक आकड्यावर) आधारली गेली, पण त्यामुळे २७३.१५ हा आकडा बदलला नाही. रूपांतर जसं होतं तसंच आहे.

उत्तर तपासायला केल्व्हिन फार कामाचा आहे. कुठलंही उत्तर केल्व्हिनमध्ये उणे आलं तर गणित चुकलंच. तसंच −२७३.१५ °से किंवा −४५९.६७ °फॅ याच्या खालचं उत्तर आलं, तर पुन्हा पहिल्या पायरीवर जा.

केल्व्हिनवरून थेट फॅरनहाइट हवं असेल तर आधी सेल्सिअस आणि मग फॅरनहाइट असा दोन टप्प्यांचा रस्ता मला सुरक्षित वाटतो. एकाच फटक्यात करायचं तर १.८ ने गुणून ४५९.६७ वजा करा. हा ४५९.६७ आभाळातून पडलेला नाही: २७३.१५ × १.८ = ४९१.६७, त्यातून ३२ गेले की ४५९.६७. द्रव नायट्रोजनसाठी ७७ × १.८ = १३८.६, वजा ४५९.६७ म्हणजे −३२१ °फॅ.

निरपेक्ष शून्यापासून सुरू होणारी, पण फॅरनहाइटची पावलं टाकणारी पट्टी म्हणजे रँकिन. विल्यम रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने ती १८५९ मध्ये सुचवली. अमेरिकन अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ती अजून भेटते. फॅरनहाइटमध्ये ४५९.६७ मिळवले की रँकिन; केल्व्हिनला १.८ ने गुणलं तरी रँकिन. केल्व्हिन आणि रँकिन दोघांचाही शून्य एकच असल्याने त्यांच्यात किलो-पौंडासारखा साधा गुणाकार पुरतो.

तापमान की फरक?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

फरक म्हणजे दोन तापमानांची वजाबाकी. दोन्ही तापमानांत तोच ३२ मिळवलेला असतो, त्यामुळे वजाबाकीत तो उडून जातो. उरतं फक्त पाऊल. म्हणून:

फॅरनहाइटमधला फरक = सेल्सिअसमधला फरक × १.८
केल्व्हिनमधला फरक = सेल्सिअसमधला फरक, जसाच्या तसा

जागतिक तापमानवाढ १.५ °से वर रोखण्याचं उद्दिष्ट सगळ्यांच्या परिचयाचं आहे. ते फॅरनहाइटमध्ये सांगायचं तर १.५ × १.८ = २.७ अंश. इथे कुणी सूत्रात आकडा टाकून ३२ मिळवले तर ३४.७ अंशांची वाढ निघते. २ °से म्हणजे ३.६ °फॅ, ३५.६ नव्हे. मोबाइलवरचं रूपांतर करणारं ॲप तुम्हाला हे सांगणार नाही. त्याच्यासाठी प्रत्येक आकडा म्हणजे तापमान, फरक ही गोष्ट त्याला ठाऊकच नसते. ॲपमध्ये १.५ टाकलं की ते निमूटपणे ३४.७ दाखवतं. म्हणून हा प्रश्न माणसानेच विचारायचा.

स्वयंपाकघरातही ही चूक होते. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये तापमान साधारण २० °से कमी ठेवावं असं सांगतात. फॅरनहाइटच्या ओव्हनवर ते ३६ अंश, व्यवहारात ३५, कमी करायचं. २० °से बरोबर ६८ °फॅ असं पाहून कुणी ६८ अंश उतरवले, तर तापमान हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट उतरवलं जाईल.

फरक ओळखायचा कसा? वाक्यात 'ने' किंवा 'नी' आहे का ते पाहा: 'पाच अंशांनी वाढलं', 'दहाने उतरलं'. 'वाढ', 'घट', 'तफावत', 'अधिक-उणे', 'दर अंशाला' हे शब्द दिसले की बहुधा फरकच असतो. तापमापकाच्या डबीवर ±०.५ °से असं लिहिलेलं असतं. मोजमाप जास्तीत जास्त किती चुकू शकतं याची ती मर्यादा आहे, म्हणजे फरक, म्हणून ±०.९ °फॅ.

'दर अंशाला' असलेल्या राशी थोड्या अधिक विचाराने हाताळाव्या लागतात, कारण तिथे अंश छेदात असतो. पोलाद तापलं की दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे दहा लाखांत १२ भागांनी वाढतं. फॅरनहाइटचा अंश लहान, म्हणून दर अंशाची वाढही लहान: १२ ÷ १.८ = ६.६७. इथे गुणायचं नाही, भागायचं. ताळा करू. १० मीटरचा गज ३० °से ने तापला तर वाढ १० मीटर × ३० × १२ दशलक्षांश = ३.६ मिलिमीटर. तेच फॅरनहाइटमध्ये: फरक ५४ अंश, १० मीटर × ५४ × ६.६७ दशलक्षांश = ३.६ मिलिमीटर. गज एकच आहे, तेव्हा उत्तरही एकच यायला हवं. 'दर केल्व्हिन' आणि 'दर अंश सेल्सिअस' यांत तर काहीच बदलायचं नसतं. तिथे २७३ मिळवण्याचा मोह टाळा.

आकडेवारी हाताळणाऱ्यांसाठी एक जोड: सरासरी तापमानाला पूर्ण सूत्र लावा, १.८ आणि ३२ दोन्ही. आधी सरासरी काढून रूपांतर केलं काय किंवा प्रत्येक आकड्याचं रूपांतर करून सरासरी काढली काय, उत्तर तेच येतं. प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) मात्र फरकाच्या जातीचं आहे. त्याला नुसतं १.८ ने गुणायचं.

याच्याच शेजारची चूक म्हणजे पट आणि टक्के. '४० अंश हे २० अंशांच्या दुप्पट गरम' हे सेल्सिअसमध्ये म्हणता येत नाही. तेच दोन आकडे फॅरनहाइटमध्ये १०४ आणि ६८ आहेत, आणि ते दुप्पट नाहीत. खरी तुलना निरपेक्ष शून्यापासून करायची: ३१३.१५ भागिले २९३.१५, म्हणजे जेमतेम ६.८ टक्के जास्त. बंद डब्यातल्या हवेचा निरपेक्ष दाबही तेवढाच, ६.८ टक्क्यांनी, वाढतो. वायूंच्या नियमांची गणितं करताना केल्व्हिन सक्तीचा असतो तो याच कारणाने.

तोंडी हिशेब

कागद हाताशी नसताना मी शिडीची रीत वापरतो. सेल्सिअसची ५ पावलं म्हणजे फॅरनहाइटची ९. शून्याला ३२ धरून पाच-पाच आणि नऊ-नऊ चढत जा:

० – ३२
५ – ४१
१० – ५०
१५ – ५९
२० – ६८
२५ – ७७
३० – ८६
३५ – ९५
४० – १०४

मधला आकडा हवा असेल तर जवळची पायरी पकडून दर अंशाला १.८ (घाईत २) पुढेमागे व्हा. २२ °से? २० ला ६८, दोन अंश पुढे म्हणजे ३.६, मिळून ७१.६. आकड्यांची अदलाबदल झालेल्या दोन जोड्याही सहज लक्षात राहतात: १६ °से जवळपास ६१ °फॅ, आणि २८ °से जवळपास ८२ °फॅ.

नेमकं उत्तर तोंडी काढायचं असेल तर १.८ म्हणजे २ वजा ०.२ हे वापरा. आकडा दुप्पट करा, त्याचा दहावा भाग वजा करा, ३२ मिळवा. २७ °से: ५४, वजा ५.४ म्हणजे ४८.६, अधिक ३२ म्हणजे ८०.६ °फॅ. हा अंदाज नाही, उत्तर तंतोतंत आहे.

उलट दिशेला: ३२ वजा करा, निम्मे करा, त्या निम्म्यात त्याचाच दहावा भाग मिळवा, आणखी बारकावा हवा असेल तर शंभरावा भागही. ८६ °फॅ: ५४, निम्मे २७, अधिक २.७ म्हणजे २९.७, अधिक ०.२७ म्हणजे २९.९७. खरं उत्तर ३०. ही रीत चालते कारण १/९ म्हणजे ०.१११..., आणि आपण त्यातला एकेक १ मिळवत जातो.

'दुप्पट करा आणि ३० मिळवा' ही रीत प्रवासात पुष्कळ जण वापरतात. ती किती चुकते हेही माहीत असावं. १० °से ला ती अगदी बरोबर आहे. ३० °से ला ती ९० सांगते, खरे ८६ असतात. ४० °से ला ११० सांगते, खरे १०४. बाहेर पडताना गरम कपडे घ्यायचे की नाही एवढं ठरवायला ती पुरेशी आहे. ताप मोजायला मात्र ती कधीही वापरू नका: १०४ आणि ११० यांत सहा अंशांचा फरक आहे, आणि शरीराच्या बाबतीत तो जीवघेणा आहे. तापासाठी नेमके आकडेच धरा: ३७ = ९८.६, ३८ = १००.४, ३९ = १०२.२, ४० = १०४.

किती दशांश ठेवायचे

रूपांतर केल्याने अचूकता वाढत नाही. हे सांगणं सोपं आहे, पाळणं अवघड, कारण कॅल्क्युलेटर आठ अंक देतो आणि ते पुसून टाकायला हात धजावत नाही.

९८.६ हेच पाहा. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये माणसाच्या शरीराचं सर्वसाधारण तापमान ३७ °से असं मांडलं. ३७ हा गोळाबेरीज आकडा होता. फॅरनहाइटमध्ये गेल्यावर त्याचा ९८.६ झाला आणि तो दशांश पाहून लोकांना वाटू लागलं, की निरोगी शरीर म्हणजे बरोबर ९८.६, ९८.२ म्हणजे काहीतरी कमी. प्रत्यक्षात निरोगी माणसाचं तापमान दिवसभरात खालीवर होतच असतं. ताप धरण्याची १००.४ °फॅ ही सीमाही तशीच, गोळाबेरीज ३८ °से चं रूपांतर.

नियम साधा ठेवा. मूळ आकडा पूर्ण अंशात असेल तर उत्तरही पूर्ण अंशात. मूळ आकडा एका दशांशापर्यंत असेल तर उत्तरही तिथेच थांबवा. 'सुमारे' म्हणून दिलेल्या आकड्याचं उत्तरही 'सुमारे'च द्या. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५८०० के आहे. ते 'सुमारे ५५०० °से' असं लिहा, ५५२६.८५ नाही. ओव्हनच्या सूचनांत ३५० °फॅ ला १८० °से छापतात, गणिताने ते १७६.७ येतं. ओव्हनची चकती इतकी बारीक लावताच येत नाही, तेव्हा १८० हेच प्रामाणिक उत्तर आहे.

अनेक टप्प्यांचं गणित असेल तर मधल्या टप्प्यांना छाटू नका. सगळे अंक बरोबर घेऊन चला आणि अगदी शेवटी एकदाच छाटा.

जुन्या पट्ट्या, आणि कुठल्याही पट्टीसाठी एकच रीत

युरोपातली अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली कागदपत्रं वाचताना रेओम्युर पट्टी भेटते. १७३० मध्ये मांडलेल्या या पट्टीवर पाणी ० ला गोठतं आणि ८० ला उकळतं. शून्य सेल्सिअसचाच, म्हणून १.२५ ने गुणलं की झालं: २८ रेओम्युर म्हणजे ३५ °से. जुन्या मजकुरात '२४ अंशांचा उकाडा' असं वाचून नवल वाटलं, तर तो रेओम्युर असू शकतो. तसं असेल तर ते ३० °से आहेत.

रशियात अठराव्या शतकात देलिल पट्टी वापरात होती, आणि ती उलटी आहे. पाणी उकळतं तिथे ०, गोठतं तिथे १५०. गारठा वाढला की आकडा वाढतो.

अशा दहा पट्ट्यांची दहा सूत्रं पाठ करण्याची गरज नाही. एक रीत सगळ्यांना पुरते:

१. दिलेल्या आकड्यातून त्या पट्टीचा गोठणबिंदू वजा करा.
२. त्या पट्टीच्या उत्कलनबिंदूतून गोठणबिंदू वजा करून आलेल्या संख्येने भागा. आता गोठण्यापासून उकळण्यापर्यंतच्या वाटेवर आपण कितव्या हिश्शावर आहोत ते कळलं.
३. त्या हिश्शाला हव्या असलेल्या पट्टीच्या एकूण पावलांनी गुणा.
४. हव्या असलेल्या पट्टीचा गोठणबिंदू मिळवा.

देलिल १२० घ्या. १२० − १५० = −३०. पट्टीचा पल्ला ० − १५० = −१५०. −३० ÷ −१५० = ०.२. सेल्सिअसमध्ये ०.२ × १०० + ० = २० °से. फॅरनहाइटमध्ये ०.२ × १८० + ३२ = ६८ °फॅ. पट्टी उलटी असूनही वेगळं काही करावं लागलं नाही. उणे चिन्हांनी आपलं काम केलं.

हीच रीत चुकीचं दाखवणाऱ्या तापमापकालाही लागू होते. समजा, एखादा तापमापक वितळत्या बर्फात ३ दाखवतो आणि उकळत्या पाण्यात ९९. त्यावर २७ दिसतात, तर खरं तापमान किती? २७ − ३ = २४. पल्ला ९९ − ३ = ९६. २४ ÷ ९६ = ०.२५, म्हणजे २५ °से. अशी तपासणी करायची तर बर्फाचा चुरा भरपूर घ्या, थोडं पाणी घालून ढवळत राहा आणि आकडा स्थिर झाल्यावरच वाचा. उकळत्या पाण्याच्या टोकाला उंचीचा हिशेब धरा: १५०० मीटरवर पाणी सुमारे ९५ °से ला उकळतं, तिथे तापमापक १०० दाखवत नाही म्हणून त्याला दोष देऊ नका.

स्प्रेडशीट आणि प्रोग्राम

शेकडो नोंदींचं रूपांतर हाताने करण्यात अर्थ नाही, पण संगणकालाही सूत्र आपणच देतो. तीन गोष्टी सांभाळा. पहिली, वजाबाकीचा कंस. कॅल्क्युलेटरवरची चूक इथे हजार ओळींत होते. दुसरी, काही प्रोग्रामिंग भाषांत ५/९ लिहिलं की पूर्णांकांचा भागाकार होतो आणि उत्तर शून्य येतं, म्हणून सगळी तापमानं शून्य दिसतात. ५.०/९.० लिहा, किंवा सरळ १.८ ने भागा. तिसरी, रिकाम्या रकान्यांकडे लक्ष ठेवा. फॅरनहाइटच्या यादीतली न भरलेली नोंद संगणक ० मानतो आणि सेल्सिअसच्या रकान्यात −१७.८ उमटतं. यादीत −१७.८ पुन्हा पुन्हा दिसलं तर थंडीची लाट समजण्याआधी मूळ नोंद उघडून पाहा.

सूत्र लिहून झालं की खऱ्या नोंदी टाकण्याआधी त्यात चार आकडे टाका. फॅरनहाइटवरून सेल्सिअसच्या सूत्राला −४०, ३२, ९८.६ आणि २१२ दिले, तर −४०, ०, ३७ आणि १०० परत यायला हवेत. एकच आकडा जुळून चालत नाही: शून्याची जागा बरोबर पण पाऊल चुकलेलं सूत्रही ३२ ला बिनचूक ० देतं.

फरकांचा रकाना असेल तर त्याचं सूत्र वेगळं लिहा आणि रकान्याच्या मथळ्यातच 'फरक' असं स्पष्ट नमूद करा, म्हणजे पुढे ती फाइल उघडणाऱ्याला त्यात ३२ मिळवावेसे वाटणार नाहीत.